रिकाम्या बरण्यांचं ऊन

मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतला मसाला कुटायचा डंक सुरू झाला की मला आधी राग येतो आणि मग शिंका. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी मुसळं धाड धाड आपटत असतात, भाजलेल्या मिरचीची भुकटी उडते आणि तिसऱ्या मजल्यावर येऊन माझ्या पडद्यांत बसते. खाली बायका पिशव्या धरून उभ्या. शेजारच्याच दुकानात मसाल्याची पाकिटं भिंतभर टांगलेली आहेत, तरी या उभ्या. मी खिडक्या लावून घेते. विरारच्या फुलपाड्यात मे महिन्यात खिडक्या लावून बसणं म्हणजे स्वतःला मोदकासारखं उकडून घेणं. पण उकडलेलं परवडतं. तो वास नाही परवडत.

यंदा त्यात भर म्हणून सोसायटीतल्या बायका घरी आल्या. "ताई, तुमची सगळी नोकरी पतपेढीत गेली. सुट्टीत आपल्या मुलींना जरा पैशाचं शिकवा ना. नव्या नव्या नोकऱ्या लागल्यात, पगार आला की आठवड्यात फस्त." मी हो म्हटलं. असं शिकवणं मला नवं नाही. तरुणपणी विरार-नालासोपाऱ्यातल्या किती महिला मंडळांत मी ते बोलले असेन. आधी बाजूला काढा, मग खर्च करा. गरज वेगळी, हौस वेगळी. अडीअडचणीचा पैसा वेगळा ठेवा. आणि शेवटी, टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य: बाईच्या हातात तिचे स्वतःचे चार पैसे असले पाहिजेत.

परवा दुपारी खिडक्या लावून तयारीला बसले आणि या शेवटच्या वाक्यापाशी अडकले. गेली कित्येक वर्षं ते मी सफाईने बोलत आले. ज्या काळात ते बोलायला लागले, त्याच काळात घरी एका बाईच्या हातातले चार पैसे मी काढून घेतले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सासूबाई मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला डोळ्यांना पदर लावायला नको. त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, तरी आवडत नाहीत. अपराधी वाटण्यासाठी ते माणूस आवडावंच लागतं असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या राजापूरकडच्या. मुलाच्या नोकरीपायी विरारला आल्या, पण त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर कधीच नव्हतं. ते एका आगोटीपासून दुसऱ्या आगोटीपर्यंत असायचं. पाऊस लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात आली पाहिजे, मग आभाळाने काय हवा तो गोंधळ घालावा. तांदूळ, कडवे वाल, मसाला, आमसुलं, चिंचेचे गोळे, आणि सगळ्यात मोठा मान सुक्या मासळीचा. बोंबील, वाकट्या, आणि जवळा, ज्याला आमच्याकडे सुकट म्हणायचे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर डबे आणि चिनीमातीच्या बरण्या ओळीने बसायच्या. मी त्या घरात आले तेव्हा माझ्या साड्यांना एक खण होता आणि या बरण्यांना अख्खा माळा.

यासाठी त्या पैसे साठवायच्या असं कुणालाही वाटेल. नाही. त्यांची रीत उलटी होती. संक्रांतीच्या सुमाराला अर्नाळ्याहून हिराबाई कोळीण यायची, तिला विसार द्यायचा. म्हणजे आत्ता पैसे आणि मे महिन्यात माल. चिंचोटीकडच्या भातवाल्याला दिवाळी झाल्यावर, मिरचीवाल्याला होळीच्या आत. मुलाचा पगार हातात आला की घरखर्च भागवून उरलेलं त्या असं माणसांकडे नेऊन ठेवायच्या. पावती नाही, सही नाही, साक्षीला कुणी नाही. मे उजाडला की एक रुपया न देता घर भरायचं आणि त्या माळ्याखाली कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, गडाच्या तटावर उभं राहावं तशा.

"पैसा घरात ठेवला की त्याला पाय फुटतात," म्हणायच्या. "माणसाकडं ठेवावा गो. माणूस कुठं जातंय?"

माणूस कुठं जातं ते मला चांगलं माहीत होतं. माझे वडील वसईत मास्तर होते. त्यांचाही पैसा माणसांकडे असायचा. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची विहीर, कुणाचं आजारपण. माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा ते सायकल काढून सगळ्यांच्या दारी जाऊन आले आणि संध्याकाळी गिरीजहून वेलची केळ्यांचा घड घेऊन परतले. "पैसे नाहीत म्हणाला बिचारा, पण केळी बघ कशी दिली आहेत." त्या आठवड्यात आम्ही केळी खाल्ली. फी आईच्या पाटल्यांनी भरली. आजही बाजारात वेलची केळी दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, कोरड पडते.

पण वडिलांचं नाव पुढे करून सुटायचं नाही मला. ते एक कारण होतं. दुसरं मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही.

माळ्याची मालकी सासूबाईंची होती. फोडणीला मिरच्या हव्यात तर त्या काढून देणार. मुठीने. त्यांची मूठ लहान होती आणि माझ्यासाठी ती आणखी आवळायची. सातवा महिना होता, मला सुकटीची चटणी खावीशी वाटली, लसूण घालून, तव्यावर खरपूस केलेली. आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं मी त्या घरात, ते मागितलं.

"पाऊस अजून लागायचाय," त्या म्हणाल्या. "आताच हात घातलास तर गणपतीपर्यंत काय खाशील?"

आणि दिली. नाही असं नाही. मूठभर. ताटलीत चिमणीला दाणे टाकावेत तेवढी. मी ती चटणी केली, खाल्ली, आणि तव्यासमोर उभ्या उभ्या ठरवलं की हा माळा एक दिवस रिकामा करीन.

घरात धान्य असतानाही माणूस दुसऱ्याच्या मुठीकडे बघत बसतं तेव्हा त्याच्या आत काय शिजतं ते कुठल्याही महिला मंडळात शिकवत नाहीत.

मुलगा झाला. मी पतपेढीत लागले. नवऱ्याचा पगार बँकेत जमा व्हायला लागला होता, तेवढं निमित्त मला पुरलं. आवर्ती ठेव काय असते, व्याजावर व्याज कसं चढतं, असं साठवलं तर काही वर्षांत मोठ्या घराच्या पहिल्या हप्त्याची रक्कम कशी उभी राहते, हे मी त्याला महिनाभर जेवताना समजावत होते. सासूबाई ऐकायच्या आणि भाताचे गोळे करायच्या. नवऱ्याला आकडे पटले. आकडे खरेच होते.

सत्त्याण्णव साल असेल. संक्रांत तोंडावर होती. हिराबाईने दारात टोपली टेकवली आणि नेहमीसारखी हाक मारली, "मावशे, तीळगूल खायला आले गो!"

सासूबाई आतून उठायच्या आधी मी दारात गेले. "हिराबाई, या वर्षापासून विसार बंद. लागेल तसं महिन्याला घेऊ."

ती माझ्याकडे बघेना. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "मावशे, ही काय बोलते?"

सासूबाई मधल्या दारात येऊन थांबल्या होत्या.

"त्यांना काय विचारतेस? पगार आता बँकेत जातो," मी म्हटलं.

"बाय, मी पगार कुठं मागते? इसार मागते. या पैशावर मी बंदरात माल उचलते."

"म्हणजे पैसा आमचा, धंदा तुझा. तोही बिनव्याजी."

"ब्याज?" ती हसली. "मंग वरची मूठ काय असते?"

ही वरची मूठ सांगायला हवी. हिराबाई आमच्याकडे तराजू काढायची नाही. ओंजळीने बरणी भरायची, भरली की बोटांनी दाबायची, पुन्हा भरायची. आणि झाकण लावायच्या आधी वर एक मूठ, दांडगी, बरणीबाहेर सांडणारी. "ही माजी," म्हणायची. "इसाराची नाय." खाली सांडलेले जवळे वेचायला सासूबाई वाकायच्या तेव्हा दोघी हसायच्या. त्या बाईला हसता येतं हे मला फक्त मे महिन्यात दिसायचं.

"मुठीला पासबुक नसतं," मी म्हटलं.

समोरच्या दारातल्या बाई फिसकन हसल्या. मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. अजूनही ते वाक्य चटपटीत आहे, नाही असं नाही.

"हिरा, पाणी पिऊन जा," सासूबाई म्हणाल्या. तेवढंच.

"नको मावशे. आज पानी गोड नाय लागायचं." तिने टोपली डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. रात्री नवरा म्हणाला, "आईला आधी विचारायचं तरी." मी म्हटलं, "तुम्ही विचारा." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग तो मे आला, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

एका सकाळी मी कामावर जायला निघाले तर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी माळ्यावरचं सगळं खाली काढलं होतं. डबे घासून पालथे घातलेले. बरण्या चिंचेच्या कोळाने धुऊन, पुसून, तोंडं वर करून उन्हात मांडलेल्या. दरवर्षी मांडायच्या तशाच. माल भरायच्या आधी बरणीत ओल राहता कामा नये म्हणून. फक्त या वर्षी भरायला काही नव्हतं. रिकाम्या बरण्यांत ऊन भरत होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

आठवडाभर हे चाललं. सकाळी काढायच्या, दुपारी फिरवायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या. शेजारपाजारच्या बघायच्या. मला चिडवायला करतात हे मला कळत होतं, आणि मी चिडत होते. कधी कधी अजून वाटतं, चिडवायलाच करत असतील; त्या काही साध्या नव्हत्या. पण एका दुपारी मी अर्ध्या रजेवर घरी आले तेव्हा खाली हिराबाईची हाक ऐकू येत होती. दुसऱ्या मजल्यावरच्यांना तिने माल घातला, समोरच्या बाईंना घातला. त्याच बाई, फिसकन हसलेल्या. आमच्या दारावरून ती न थांबता गेली. सासूबाई गॅलरीत बरण्यांच्या मध्ये बसलेल्या होत्या. प्रत्येक बरणीत हात घालून आतून चाचपत होत्या, ओल राहिली आहे का ते. तेव्हा त्यांना कुणी बघत नव्हतं. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मी चपला वाजवत आत गेले.

पावसाने माझा सूड उगवला असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. गोष्टींत होतं तसं. त्या वर्षी पाऊस नेहमीसारखा पडला, नेहमीच्या ठिकाणी पाणी तुंबलं, आणि खालचं दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. अर्धा किलो, पाव किलो, हवं ते मिळालं. महिन्याचा खर्च पूर्वीपेक्षा कमी आला. सुकटीत अळ्या झाल्या नाहीत, कारण सुकट नव्हती. हिशेब माझा बरोबर निघाला. तो चुकला असता तर बरं झालं असतं. चुकलेल्या माणसाला माफी तरी मागता येते.

सासूबाईंच्या हाती आता काही उरलं नव्हतं, तेव्हा मी त्यांना महिन्याला हातखर्च ठरवून दिला. मंगळवारी देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत रिक्षा, येतानाची रिक्षा, फुलं, ओवाळणीत टाकायचे सुटे. माझ्या मते हे फार उदार होतं. एवढं करून मी काय केलं असेल? संध्याकाळी हिशोब विचारायचे. जरबेने नाही, सहज, कणीक मळता मळता. "आई, आज किती झाले?" आणि मीठमिरचीच्या भावावरून अख्ख्या बाजाराला धाकात ठेवणारी ती बाई भिंतीकडे बघून म्हणायची, "रिक्षाला गेले. फुलाला गेले." शाळेत पाढा म्हणावा तसं.

त्याच वर्षी मी महिला मंडळांत बोलायला लागले. पतपेढीने पाठवलं. चार पैशांचं ते वाक्य मला पहिल्याच सभेत सुचलं. टाळ्या पडल्या.

पुढचा मे. रविवार होता. दार वाजलं, हिराबाई. मला ओलांडून तिने हाक मारली, "मावशे, तुजा माल."

फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. सासूबाई लगबगीने आतून सगळ्यात लहान बरणी घेऊन आल्या. ती उन्हात तापलेली होती. म्हणजे या वर्षीही त्यांनी ती वाळवली होती आणि मला पत्ता नव्हता. हिराबाईने ओंजळीने जवळा घातला, बोटांनी दाबला, पुन्हा घातला. वर मूठ. "ही माजी."

"पैसे?" मी विचारलं.

"मिलाले," हिराबाई म्हणाली. "म्हातारी मंगळवारची चालत येते बाजारात. थोडं थोडं ठेवून जाते माज्याकडं."

फुलपाड्यातून पायथ्यापर्यंत चालत, तिथून बाजारात चालत, घरी चालत. रिक्षाचे पैसे वाचवून हिराबाईकडे विसार. सासूबाईंनी बरणीला झाकण लावलं, वर फडकं बांधलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. खरं सांगायचं तर त्या नजरेत तोच मे महिना होता, कमरेवर हात ठेवून उभा असलेला.

एखादी दुसरी असती तर त्या क्षणी विरघळली असती. मी पतपेढीत नोकरीला होते. मी त्यांना म्हटलं, अगदी शांतपणे, हिराबाईच्या देखत, "चालता येतं ना? मग रिक्षाचे पैसे कशाला लागतात?"

आणि पुढच्या महिन्यापासून बंद केले.

एवढंच आहे. यात चोरी नाही, फसवणूक नाही. खर्चाची गरज उरली नाही की तरतूद काढून टाकायची, हे मीच शिकवते. तर्काला कुठेही भोक नाही. पण मी त्या घरात बचत शिकवत नव्हते, सातव्या महिन्यातली ती मूठ परत करत होते. आणि हे तेव्हाही मला ठाऊक होतं. म्हणून तर आवाज इतका शांत ठेवता आला.

त्यांनी पुन्हा कधी काही मागितलं नाही. मंगळवारही सुटला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "पाय दुखतात." तो बाम घेऊन आला. मी ती बाटली त्यांच्या उशाशी ठेवली, न उघडलेली ती तिथे कित्येक महिने होती. बरणीतली सुकट त्यांनी स्वतः कधी काढली नाही. माझ्यासमोर ओट्यावर ठेवून दिली. मी हात लावला नाही, त्यांनीही नाही. दिवाळीपर्यंत तिला कीड लागली आणि मी ती टाकून दिली. जेवताना मी भाताचा दुसरा डाव घेऊन गेले की ताटावर आडवा हात यायचा. "पुरे. तुला हिशोब लागतो." रोज. मी काही दुबळ्या म्हातारीला छळलं असं समजू नका. पुढची कितीतरी वर्षं तो आडवा हात दिवसातून दोनदा मला दाखवून मगच ती बाई गेली.

ठेवीची मुदत भरली, रक्कम चोख हातात आली. त्यातून हे घर घेतलं, हवेशीर, तिसरा मजला. या घराला माळा नाही. बरण्या भंगारवाल्याने घेतल्या नाहीत, चिनीमातीला भाव नसतो म्हणाला. कचराकुंडीशेजारी मी त्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सासूबाई खिडकीतून बघत होत्या का, ते मी वळून पाहिलं नाही.

आता मुलगा पुण्यात आहे, पगार कुठे किती गुंतवतो ते मला फोनवर सांगतो. ऐकताना मी हं हं करते. नवरा टीव्ही बघतो. सोसायटीतल्या मुलींना रविवारी काय सांगायचं ते मला अजून ठरवता येत नाही. सांगायचं ते सगळं खरं आहे आणि मला त्याचा वीट आला आहे.

काल मात्र खिडक्या उघडल्या, ठसका लागेपर्यंत तो वास घेतला, आणि बाजारात गेले. हिराबाई आता डोक्यावर टोपली घेऊन फिरत नाही, बसते. केस पांढरे, समोर प्लास्टिकचा कागद, त्यावर बोंबील आणि जवळ्याचे ढीग, बाजूला बॅटरीवरचा काटा. तिने मला ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, त्यावरून कळलं.

"अर्धा किलो सुकट," मी म्हटलं. मग पाकिटातून आणखी नोटा काढून पुढे केल्या. "आणि हे ठेव. पुढच्या वर्षीचा विसार."

तिने नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मावशी गेली ते कललं होतं," म्हणाली. मग, "नको बाय. तुजा पैसा बँकेतच बरा. तितं ब्याज तरी मिलंल."

"हिराबाई, ठेव ना."

"माल घे आनि जा. मागं गिऱ्हाईक हाय."

तिने पिशवी काट्यावर ठेवली आणि सुकट घालायला लागली. ओंजळीने नाही, छोट्या वाटीने. आकडा पाचशेच्या थोडा पुढे गेला. ती वाकली, पिशवीत बोटं घातली, चिमटीने जास्तीचे जवळे उचलून परत ढिगावर टाकले. पुन्हा बघितलं, पुन्हा एक चिमूट काढली. काट्यावर बरोबर पाचशे आले तेव्हा तिने पिशवीला गाठ मारली.